सहा सेलांतले तीन

लाल दिवा लागलेला दिसला आणि सहादेवनं सगळ्यात आधी स्वतःची वायर काढली.

दिवस उगवत होता. वरच्या खडकीच्या दवाखान्यात मागच्या खोलीच्या भिंतीवर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर दोन दिवे. हिरवा असला की सगळं ठीक. लाल म्हणजे बॅटरीत राम उरला नाही, म्हणून पेटीनं फ्रीजची वीज तोडली. पेटीखाली लाकडी घोडीवर घागरीएवढे सहा सेल ओळीनं मांडलेले होते. त्यातल्या भिंतीकडच्या तिघांच्या दोन टोकांना दोन चिमटे लावलेले होते. सहादेवनं चिमटे ओढून काढले, वायर गुंडाळली आणि मागच्या दारानं जाऊन गोवऱ्यांच्या ढिगात खोल खुपसली. परत आला तर शिशाच्या टोकांवर चिमट्यांच्या दातांचे ओरखडे चमकत होते. त्यावर त्यानं बोटानं व्हॅसलीन चोळलं. मगच पुढच्या खोलीच्या दाराशी जाऊन तो म्हणाला, "बाई, लाल दिवा लागलाय."

जयमाला सिस्टर नुकत्याच गावातल्या आपल्या खोलीवरून येऊन तोंड धूत होत्या, त्या तशाच ओल्या तोंडानं आल्या. फ्रीज म्हणजे एक मोठी पेटीच होती, झाकण वरून उघडणारी. आत किती थंड आहे ते सांगणारा काटा बाहेरच्या अंगाला होता. बाई गुडघ्यावर बसल्या. काटा सहावर होता. तो आठच्या पुढं जाऊ द्यायचा नव्हता.

वरच्या खडकीला विजेचे खांब आले होते, तारा आल्या नव्हत्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं दवाखान्याच्या छतावर सूर्याच्या उजेडावर वीज करणाऱ्या चार प्लेटा बसवल्या, खाली सेल ठेवले आणि लशींचा फ्रीज दिला. शेवगाव तालुक्याच्या त्या कोरड्या उगवतीच्या कोपऱ्यात एवढा एकच फ्रीज. त्यामुळं आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांचे पोलिओचे डोस आदल्या दिवशी तिथंच येऊन पडले होते. उद्या पोलिओचा दिवस होता. सकाळी डॉक्टरांची जीप येणार, डोस थंड डब्यांत घालून वाड्यांवर जाणार.

बाईंनी आधी झाकणाला हात लावायची सगळ्यांना बंदी केली. झाकण एकदा उघडलं की आतली थंडी गेली, आणि ती परत आणायला आता वीज नव्हती. मग त्या सडकेवर जाऊन पहिल्या एस्टीच्या कंडक्टरला निरोप देऊन आल्या, की शेवगावात राधाकृष्ण मिस्त्रीच्या बॅटरीच्या दुकानात सांगा, खडकीचा फ्रीज बंद पडलाय, हातातलं काम टाकून या. त्या भागात निरोप असेच जायचे. कंडक्टर विसरला तर निरोप मेला.

सहादेव मानधनावरचा माणूस. प्लेटा पुसायच्या, सेलांत बाटलीतलं पाणी भरायचं, रात्री दवाखान्यात झोपायचं. सहा महिन्यांनी थोडं हाती यायचं, पण घरात येणारी तीच एक बांधलेली मिळकत होती. दसरा झाला की खडकी रिकामी व्हायची. मुकादमाचा ट्रक यायचा, जोडपी ऊसतोडीला जायची. त्याचा मुलगा आणि सून कोल्हारकडच्या फडात होती. मागं राहायची म्हातारी माणसं, लहान पोरं, आणि सहादेवची लेक सविता. ती दोन वर्षांची असताना तिला ताप आला होता. ताप गेला आणि जाताना उजव्या पायातला जीव घेऊन गेला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ज्या बाईचा पाय मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढू शकत नाही, तिला मुकादम कोयत्यात धरत नाही.

दिवाळीनंतर एका ट्रकवाल्यानं फडावरून एक कॅसेट आणली होती. तिकडं गेलेल्या पोरांनी तिच्यात आपापल्या आईबापांसाठी बोलणं भरून पाठवलं होतं. टेप होता, टेपात घालायचा मसाला, म्हणजे विकतचे सुटे सेल, नव्हते. मग सहादेवनं तेच केलं जे त्या मुलखात ट्रॅक्टरवर बसलेला कुणीही करतो. टेप सहा व्होल्टचा, सेल दोन-दोन व्होल्टचे, म्हणजे तीन सेल पुरे. त्यानं तीन सेलांवर चिमटे लावले, टेप बोलायला लागला. मग जुन्या राजदूतचा सहा व्होल्टचा बल्ब मिळाला, तोही त्याच वायरीवर दवाखान्याच्या ओट्यावर लावला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला म्हातारी माणसं ओट्यावर जमायची. कॅसेट ऐकायची, बल्बाखाली पोरं पाटी गिरवायची, सविता गोधडी शिवत बसायची. दोन-दोन तास चालायचं, कधी तीन. बाई तोवर आपल्या खोलीवर गेलेल्या असायच्या, टेपचं त्यांच्या कानावर होतं, पण तो मसाल्यावर चालतो असं त्यांना वाटायचं.

आपण चोरी करतो असं सहादेवला वाटलं नव्हतं. उलट त्यानं हिशेब सोडला नव्हता. सहा सेलांतले तीन त्यानं फ्रीजला राखून ठेवले होते. त्या तिघांना त्यानं कधी चिमटा लावला नाही. विहिरीच्या पाळीसारखं, माझ्या पाळीचं पाणी मी घेतो, तुझ्या पाळीला हात लावत नाही, असं त्याच्या मनात चोख होतं. आता लाल दिव्याकडं बघताना त्याला तोच हिशेब परत परत मनाशी म्हणावा लागत होता.

ऊन वर आलं तसा काटा सातकडं सरकला. सवितानं घरातल्या गोधड्या आणून फ्रीजभोवती गुंडाळल्या. तिनं मागच्या खोलीत डोकावून सेलांकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं, आणि पाय ओढत बाहेर गेली.

राधाकृष्ण मिस्त्री दुपार व्हायच्या आत मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा माणूस, मिशीला ॲसिडचा वास येईल असा. जन्म ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरण्यात गेला होता, सोलरचं काम नंतर शिकला. हे सगळं त्यानंच बसवलं होतं. आल्याआल्या चहा नको म्हणाला आणि शिडी लावून छतावर गेला. सहादेव शिडी धरून खाली उभा राहिला.

मिस्त्रीची कामाची एक रीत होती. तो सूर्यापासून सुरुवात करायचा आणि विजेच्या मागं मागं फ्रीजपर्यंत यायचा. मधेच कुठं उडी मारायची नाही. आधी प्लेटांवर सावली कुठं पडते का ते बघितलं. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, उन्हाळ्यात न पडणारी सावली पौष-माघात पडते, आणि प्लेटेच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळी प्लेट आळसावते. सावली नव्हती. काच पुसलेली होती. त्यानं प्लेटांची वीज मोजली, भरपूर होती. मग वायर चाचपत खाली आला, सांधे उघडले, फ्यूज काढून बघितला. सगळं स्वच्छ.

"सहादेवा, राखलंस मातर चांगलं," तो म्हणाला. "वरचं पीक झक्कास हाय. खळ्यात यीस्तवर कुठं गळत न्हाई. मग कणगीतच उंदीर हाय."

सहादेव शिडी काढायला वळला.

मिस्त्रीनं घोडीसमोर बसकण मारली. सहा सेल मिळून मीटरवर बऱ्यापैकी आकडा दाखवत होते. पण त्यानं फ्रीज क्षणभर चालू केला तसा आकडा धपकन खाली बसला. त्यानं फ्रीज लगेच बंद केला. मग एकेका सेलाचं बूच काढून काचेच्या नळीत आतलं पाणी ओढलं. नळीत एक तरंगता काटा असतो. सेल भरलेला असला की काटा वर तरंगतो, रिकामा असला की बुडतो. दाराकडच्या तीन सेलांत काटा वर होता. भिंतीकडच्या तीन सेलांत तो तळाला गेला.

मिस्त्रीनं तिन्ही सेल पुन्हा तपासले. मग तो नळी पुसायला लागला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "एखादा सेल मरतो. मी लई बघितलेत. पर शेजारशेजारचे तीन एकदम मेलेले मी बघितले न्हाईत." आणि सहादेवकडं वळून म्हणाला, "हितून कुणी काय जोडलं हुतं का?"

"न्हाई," सहादेव म्हणाला.

"टेप, बल्ब, काय बी?"

"न्हाई म्हनलं न्हवं."

मिस्त्रीनं तिसऱ्या सेलाच्या टोकावर बोट फिरवलं आणि बोटाकडं बघितलं. "व्हॅसलीन ताजं हाय."

"तुमीच सांगितलं हुतं, लावत जा म्हनून."

"सांगितलं हुतं खरं," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं बोट पायजम्याला पुसलं.

फ्रीजचा काटा सातच्या पुढं होता. बाईंनी विचारलं, आता करायचं काय. मिस्त्रीनं जे सांगितलं ते त्यानं सावकाश, एकदाच सांगितलं, आणि सहादेवनं त्यातला शब्दन्‌शब्द ऐकला. हे तीन सेल एक तर आजारी असतील, नाही तर उपाशी. आजारी म्हणजे माल मुळात खराब निघाला, आतल्या पट्ट्या गेल्या. त्यात वीज घातली तरी फुटक्या मडक्यात पाणी, अंधार पडला की फ्रीज पुन्हा बंद. उपाशी म्हणजे सेल धडधाकट, पण कुणी तरी त्यांच्या तोंडचं काढून घेत होतं. तसं असेल तर चारी प्लेटा सरळ त्या तिघांवर लावून तो त्यांना दिवस मावळायच्या आत उभं करील, रात्र निघेल. पण दोन्ही रोगांत नळीतला काटा सारखाच बुडतो. आजच्या आज ओळखायची दुसरी तऱ्हा त्याच्याकडं नव्हती. कुणी काही जोडलं नसेल, तर सेल आजारीच धरायचे, आणि नवे सेल नगरहून यायला दोन दिवस.

"आणि समजा थोडं गरम झालंच," मिस्त्रीनं जरा चाचरत विचारलं, "तर ते काय दूध हाय का नासायला?"

"दूध नासलं तर कळतं तरी," बाई म्हणाल्या. "हे नासलं तर कळत नाही, राधाकृष्णभाऊ. वास नाही, रंग नाही. उद्या मी पोराच्या तोंडात टाकीन, आई हात जोडून घरी जाईल, आणि पोराला काहीच मिळालेलं नसेल. तपासणार कुणी नाही. मला कुणी विचारणारसुद्धा नाही."

तेवढं बोलून त्या थांबल्या. त्या श्रीरामपूरच्या, नोकरीला इथं येऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज चढलेला खडकीनं अजून ऐकला नव्हता. आत्ताही चढला नाही. मग त्यांनी मोजूनमापून सांगितलं, की फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या नरमत असणार. त्या पिशव्या घालून थंड डबा आत्ता मिस्त्रीच्या मोटारसायकलवर निघाला तर शेवगाव गाठील, संध्याकाळी निघाला तर वाटेतच गरम होईल. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच. डोस परत पाठवायचे. उद्या इकडच्या वाड्यांना पोलिओ नाही. शेवगावातून मागाहून कधी मिळतील ते मिळतील.

सहादेव बाहेर आला. ओट्याच्या टोकाला सविता बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, मधली भिंत कुडाची होती.

"आबा," ती हळू म्हणाली, "वायर कुठं ठिवलीय?"

"कसली वायर?"

"मला इचारता व्हय कसली?"

तो तिच्यापासून तोंड फिरवून उभा राहिला. त्याला काय काय दिसत होतं. मानधन बंद होणार. दवाखान्याच्या बॅटरीवर गाणी वाजवली म्हणून लोक म्हणणार, आणि खडकीत असं एकदा म्हटलं गेलं की ते माणूस सरणावर जाईपर्यंत पुसलं जात नाही. आणि बोलून तरी उपयोग काय, सेल खरंच आजारी असले तर? मग इज्जतही गेली आणि डोसही गेले. त्यापेक्षा गप्प बसावं, डबा शेवगावला जाईल, पोरांना मागाहून डोस मिळतील. कुणाचं काही बिघडत नाही.

"मागनं मिळतील म्हनत्यात बाई," तो म्हणाला.

सविता उठली. उठताना तिला नेहमीसारखा उजव्या गुडघ्यावर हात रेटावा लागला. "माझ्या वक्ताला बी कुणी तरी म्हनलं आसंल, मागनं मिळंल म्हनून," ती म्हणाली. "तुमी सांगता का मी सांगू? मी बी त्याच उजेडात बसत हुते."

आतून थंड डबा ओढल्याचा आवाज आला. सहादेव आत गेला तेव्हा बाईंनी गोधड्या बाजूला काढल्या होत्या. डब्याचं झाकण उघडं होतं. मिस्त्री पिशव्या घ्यायला ओंजळ करून उभा होता, आणि बाईंचा हात फ्रीजच्या कडीवर होता.

"झाकन उघडू नका, बाई," सहादेव म्हणाला.

दोघांनी वर बघितलं. तो मागच्या दारानं बाहेर गेला, गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला, आणि ती शेणानं माखलेली वायर आणून त्यानं मिस्त्रीच्या पुढ्यात टाकली. चिमटे फरशीवर वाजले.

 बाईंनी कडीवरचा हात काढला आणि गोधड्या होत्या तशा पुन्हा गुंडाळल्या. मिस्त्रीनं वायर उचलून तिची लांबी बघितली, चिमट्यांचे दात बघितले. मग त्यानं विचारलं, कधीपासून, रोज किती वेळ, टेपाबरोबर अजून काय. सहादेवनं एकेक सांगितलं. मिस्त्री ओठ हलवून मनात बेरीज करत राहिला. बेरीज संपली तशी त्याच्या चेहऱ्यावरची आढी सुटली, पण सुटल्याचं त्यानं दाखवलं नाही.

"तीनच सेल का घेतलेस?"

"सहाचा टेप, म्हनून. आन्‌ तीन फ्रीजला ठिवलं हुतं. त्येला म्या हात लावला न्हाई, मिस्त्री. कुणाची बी आन घालतो."

मिस्त्रीनं डोक्याला हात लावला. "आरं येड्या, ह्ये काय विहिरीचं पानी हाय का वाटून घ्यायला? सहा बैलांचा नांगर बघितलास न्हवं? त्यातलं तीनच बैल तू रोज रातचं दुसऱ्याच्या रानात नेलंस. सकाळी परत सहाच्या सहा नांगराला. आन्‌ वैरन? वैरन सहा जनांना सारखीच. दाराकडचे तीन पोट भरून बसले की ही पेटी म्हनती सगळे जेवले, आन्‌ वैरन बंद करती. भिंतीकडचे तीन रोज थोडे थोडे उपाशी. सहाच्या सहा नेले असतेस तर म्या तुला शिव्या दिल्या असत्या, पर फ्रीज एवढ्यात बसला नसता. तू इमानदारीनं मारलंस त्येला."

हे ऐकून सहादेवला जे वाटलं ते चोर म्हटल्यापेक्षा वाईट होतं.

पण बसून राहायला वेळ नव्हता. सेल उपाशी आहेत असं धरून चालायचं ठरलं होतं, आणि धरलेलं खरं निघतं की नाही ते सूर्य मावळल्यावरच कळणार होतं. डबा आता शेवगावला पोचण्याची वेळ गेली होती. जे व्हायचं ते इथंच होणार होतं. मधल्या वेळात फ्रीज चालवायला दुसरी बॅटरी हवी होती, आणि खडकीत ट्रॅक्टर एकच, आप्पासाहेबांचा.

सहादेव पळत गेला. आप्पासाहेब गोठ्यापुढं खाटेवर बसले होते, भोवती चार माणसं. बॅटरी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कशाला. सहादेवनं आधी फ्रीज बंद पडला एवढंच सांगितलं. आप्पासाहेब म्हणाले, कशानं बंद पडला. तेव्हा चार माणसांदेखत त्याला सगळं परत सांगावं लागलं.

"रोज गाणी वाजत हुती तुझ्या ओट्यावर," आप्पासाहेब म्हणाले, "आमाला कधी बोलावलं न्हाईस ते. आन्‌ आता बॅटरी मागायला आमीच." चौघं हसले. मग त्यांनी माणसाला पान्हा आणायला सांगितला. "ने. दिवस मावळायला आनून ठिव. पहाटं मला चारा आनायला जायचंय."

ती बॅटरी खांद्यावर घेऊन सहादेव दवाखान्यापर्यंत आला तेव्हा सदऱ्याला ॲसिड लागून भोकं पडायला लागली होती. काटा पावणेआठवर होता. मिस्त्रीनं फ्रीजच्या वायरी ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या. फ्रीज एकदा गुरगुरला आणि थांबला. बाईंनी डोळे मिटले. मिस्त्रीनं चिमटा घासून पुन्हा लावला. फ्रीज गुरगुरला, आणि चालू राहिला.

"ही बॅटरी गाडी सुरू करायला एकदम घोट देनारी हाय," मिस्त्री म्हणाला, "रातभर घुटक्या-घुटक्यानं प्यायची न्हवं. दिवस मावळंपातूर धरंल. आता ह्यांना जेवू घालू."

त्यानं छतावरून येणारी वायर पेटीतून सोडवली आणि सरळ त्या तीन सेलांवर लावली. पेटीला मधे घेतलं नाही, कारण पेटी सहांचा हिशेब बघते, तिला तिघांचा कळत नाही. पेटी मधे नाही म्हणजे राखण माणसानं करायची. सेलांत बुडबुडे यायला लागले, आच लागली, की वायर काढायची. खिडकी सताड उघडी ठेवायची. बुडबुड्यांतून निघणारा वायू ठिणगीनं पेट घेतो, म्हणून दवाखान्याच्या आसपास बिडी नाही. बाई सेलांपाशी बसल्या. मिस्त्री आणि सहादेव छतावर गेले.

हिवाळ्याचं ऊन पांढरं असतं आणि लवकर कलतं. प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून पक्क्या बसवलेल्या. सूर्य पश्चिमेला गेला की त्यांना तिरपं ऊन मिळतं, आणि आज थेंबही वाया घालवायचा नव्हता. मिस्त्रीनं सांगाड्याचे मागचे बोल्ट सैल केले. दोघांनी सांगाडा उचलला आणि सूर्याकडं वळवला, खाली दगड लावले. थोड्या वेळानं परत उचलला, परत वळवला. सगळी दुपार ते सूर्याच्या मागं मागं तो सांगाडा फिरवत राहिले. सहादेवनं एकदाही खाली ठेवू या म्हटलं नाही. खाली अंगणात पोरं गोळा झाली होती. आप्पासाहेबांकडचं बोलणं तोवर गावभर झालं होतं, म्हातारी माणसं येऊन वर बघत उभी राहत होती. एकदा पश्चिमेला ढगाची चिंधी आली आणि मिस्त्रीच्या हातातल्या मीटरचा आकडा निम्म्यावर उतरला. दोघंही त्या ढगाकडं बघत राहिले. ढग सरकला.

"बाई, काटा?" मिस्त्री दर वेळी वरून विचारायचा.

पावणेआठ. मग बराच वेळ पावणेआठच. मग साडेसात.

सूर्य टेकला तशी मिस्त्रीनं खाली येऊन पुन्हा नळी घेतली. पहिल्या सेलात काटा तळ सोडून वर आला होता. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात जरा कमी, पण आला होता. त्यानं सहाही सेल परत एका माळेत जोडले, पेटी लावली, फ्रीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून काढून पेटीवर दिला. पेटीनं क्षणभर विचार केल्यासारखा केला. हिरवा दिवा लागला.

"उपाशीच हुते," मिस्त्री म्हणाला आणि तिथंच फरशीवर आडवा झाला.

जाण्याआधी त्यानं बाईंना सांगितलं, पुढचे चार दिवस सकाळी थोडा वेळ तरी तिघांना वेगळं भरायचं, तेव्हा कुठं सहाजण सारखे होतील. कसं ते त्यानं सविताला करून दाखवलं, तिनं त्याच्यादेखत एकदा केलं. आणि संस्थेला म्हणावं, ओट्यावर एक दिवा आणि टेपाची एक जागा पाहिजे, त्याला लहान प्लेट निराळी, बॅटरी निराळी. "फ्रीजच्या ताटात दुसरा हात नगं. आन्‌ म्या बसवलं तवा मला ह्ये कळाया पायजे हुतं. सगळ्या गावात अंधार, आन्‌ एका खोलीत वीज कोंडून ठिवलेली. हात कुणाचा तरी लागनारच हुता." एवढं बोलून त्यानं मोटारसायकलला लाथ मारली.

दिवेलागणीला म्हातारी माणसं सवयीनं ओट्यावर आली. सहादेव ट्रॅक्टरची बॅटरी पोचवून नुकताच परतला होता. त्यानं सांगितलं की आजपासून टेप नाही, बल्बही नाही. कुणी तरी कुरकुरलं. कडूबाई, जिचा एकुलता एक मुलगा कॅसेटमध्ये तीनच वाक्यं बोलला होता, ती काठी टेकत पुढं आली.

"बंद म्हंजे कायमचं?" तिनं विचारलं.

"दुसरी सोय हुईस्तवर."

"कवा हुईल?"

"म्हाईत न्हाई, आत्या."

कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग आली तशी काठी टेकत निघून गेली. तिच्या मागं बाकीचेही गेले. सहादेवला त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या बोलांपेक्षा ते गप्प जाणं जड गेलं.

बाईंनी त्याच्याशी दुपारपासून कामापलीकडं एक शब्द उच्चारला नव्हता. आता त्या दारात आल्या आणि त्यांनी हात पुढं केला. त्यांना काय हवं ते त्याला कळलं. त्यानं कमरेची मागच्या खोलीची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"काटा आठच्या पुढं गेला नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं मी शपथेवर सांगू शकते, आणि डॉक्टरांना सांगणार आहे. वायरीचं तुम्ही सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगीन."

"म्याच सांगन."

"आणि सहादेवमामा," त्या वळता वळता म्हणाल्या, "सकाळी तुम्ही लगेच बोलला असता तर काटा सहावरच थांबला असता."



सकाळी बाईंनी गोधड्या काढल्या, वाकून काटा बघितला आणि "चार" असं म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. अंगणात आज्या नातवंडांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. आई-बाप फडावर, म्हणून रांग सगळी पिकल्या केसांची. सविता ओट्यावर बसून पोरांना पुढं सरकवत होती. बाईंनी पहिल्या पोराची हनुवटी धरली, गाल दाबले, दोन थेंब सोडले. पोरगं तोंड वाकडं करून रडायला लागलं आणि सगळी रांग हसली.

ओढ्याच्या चढणीवर जीपचा आवाज आला. सहादेवनं अंगात कालचाच भोकं पडलेला सदरा घातला होता, दुसरा धुतलेला वाळला नव्हता. त्यानं त्याची बटणं गळ्यापर्यंत लावली. जीप अंगणाच्या कडेला थांबली, धूळ पुढं आली. डॉक्टर उतरायच्या आत तो ओट्यावरून खाली आला आणि रांगेच्या कडेकडेनं जीपकडं चालायला लागला.